१८५० पूर्वीच्या अमेरिकन शेतकरी पूर्वजाचा माग सरकारी कागदपत्रांतून कसा काढावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या यजमानांचे घराणे केंटकीचे. घरातील ज्येष्ठ मंडळींच्या सांगण्यानुसार घराण्याचा मूळ पुरुष व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात तंबाखूची शेती करत होता आणि १८०० च्या आगेमागे डोंगर ओलांडून केंटकीत आला. १८५० च्या जनगणनेत त्याच्या मुलाचे नाव मिळते, जन्मस्थानाच्या रकान्यात ‘व्हर्जिनिया’ एवढेच लिहिलेले आहे, आणि त्यामागे काहीच हाती लागत नाही. माझ्या यजमानांचे आजोळही याच वाटेने केंटकीला गेलेले असल्यामुळे या कागदपत्रांत माझा बराच काळ गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते, की असा साधा शेतकरी सापडतो. मात्र नुसत्या नावाच्या मागे लागून तो सापडत नाही. त्याच्या जमिनीच्या आणि शेजाऱ्यांच्या मागे जावे लागते.

आधी जनगणनेची मर्यादा ध्यानात घ्यावी. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० साली झाली आणि पुढे ती दर दहा वर्षांनी होत आली. परंतु १८४० पर्यंतच्या नोंदींत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि घरातील बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत निव्वळ संख्या म्हणून येतात. प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलामगिरीत नसलेल्या, व्यक्तीचे नाव १८५० पासून आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून लिहिले जाऊ लागले. त्यातही आपल्याला नेमकी आड येणारी गोष्ट अशी, की व्हर्जिनिया आणि केंटकी या दोन्ही प्रदेशांच्या १७९० च्या मूळ याद्या आज उपलब्ध नाहीत, केंटकीची १८०० ची यादीही नाही, आणि व्हर्जिनियाच्या १८०० च्या याद्यांपैकी अ‍ॅकोमॅक आणि लुइसा या दोनच काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उरल्या आहेत. म्हणजे ज्या वीस वर्षांत आपला पूर्वज एक घर सोडून दुसरे मांडत होता, नेमक्या त्याच काळात जनगणना गप्प आहे.

ही पोकळी भरून काढतात त्या कर-याद्या. माझ्या मते संपूर्ण शोधाचा कणा याच, आणि हौशी शोधकांकडून सर्वाधिक दुर्लक्षही यांच्याकडेच होते. व्हर्जिनियात १७८२ पासून जमिनीवरील कराची एक आणि व्यक्तिगत मालमत्तेवरील कराची दुसरी, अशा दोन याद्या दरवर्षी होत असत; १८०८ हे एक वर्ष तेवढे वगळावे. जनगणना दहा वर्षांतून एकदा डोकावते, तर कर वसूल करणारा दरवर्षी येतो, हा यातला मोठा लाभ. सोळा वर्षांवरील पुरुष करपात्र असल्यामुळे मुलगा सोळाचा झाला की बापाच्या नावापुढील आकडा एकाने वाढतो, आणि एकविसाचा झाला की तो बहुधा स्वतःच्या नावाने दिसू लागतो. एखाद्या वर्षी बापाच्या जागी एखाद्या स्त्रीचे नाव आले, किंवा त्याच्या नावाशी ‘इस्टेट’ असा शब्द जोडलेला दिसला, तर तो मागील वर्षभरात वारला असे समजून मृत्युपत्राच्या नोंदवह्यांकडे वळावे.

या याद्या सलग वाचाव्यात, एखादे सुटे वर्ष उघडून पाहू नये. एकाच काउंटीत एकाच नावाचे दोन-तीन पुरुष असणे ही तेव्हा सर्रास गोष्ट होती, आणि ‘सीनिअर’ व ‘ज्युनिअर’ या शब्दांवरून ते बाप-लेक होते असे मानता येत नाही, कारण चुलते-पुतणे किंवा नात्याने काहीच न लागणारे दोघेही वयाच्या फरकाने तसे ओळखले जात. पण एकाच्या नावावर दरवर्षी दोन घोडे आणि दुसऱ्याच्या नावावर नऊ-दहा घोडे असे चित्र पाच-सहा वर्षे टिकले, की दोघे आपोआप वेगळे होतात. अनेक याद्यांत नावांची मांडणी आद्याक्षरानुसार केलेली असल्याने शेजारी कोण ते कळत नाही. अशा वेळी नावापुढील तारीख पाहावी. ज्या दिवशी त्या कुटुंबाची नोंद घेतली गेली ती ही तारीख असते, आणि एकाच तारखेची सर्व नावे एकत्र लिहून काढली की एका ओढ्याकाठची वस्ती पुन्हा उभी राहते. केंटकीच्या कर-याद्या ते राज्य झाले त्या १७९२ सालापासून मिळतात आणि त्या आणखी उदार आहेत: किती एकर जमीन, ती कोणत्या ओढ्यावर किंवा नदीवर आहे, आणि त्या जमिनीचा मूळ दावा, मोजणी व सनद कोणाच्या नावावर होती, हे सारे एका ओळीत असते.

आता जमिनीच्या दस्तऐवजांकडे येते. ओहायोसारख्या पुढे वसलेल्या भागांत १७८५ च्या कायद्यानुसार सहा मैल चौरसाच्या टाउनशिप आणि ६४० एकरांचे विभाग आखले गेले, त्यामुळे तेथील शेत नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. व्हर्जिनिया आणि बहुतांश केंटकीत तशी आखणी नव्हती. तेथील खरेदीखतात चतुःसीमा शब्दांनी सांगितलेली असते: अमुक ओढ्याच्या काठावरील पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तेथून अमक्याच्या बांधाने ईशान्येस इतके पोल, मग हिकरीच्या दोन झाडांपर्यंत, मग ओढ्याच्या वळणांनी खाली मूळ जागी. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ही मोजमापे कागदावर किंवा संगणकावर उतरवली की शेताचा आकार मिळतो, आणि शेजाऱ्यांच्या खतांतील आकार त्याला जुळवत गेले की कोणाचा बांध कोणाला लागत होता ते दिसते. सरकारी मोजणीच्या कागदावर जमीन मोजण्याची साखळी धरणाऱ्यांचीही नावे असतात. ही माणसे बहुधा शेजारीपाजारी किंवा घरचीच असत. म्हणून खरेदीदार आणि विक्रेता यांच्याइकतेच लक्ष साक्षीदारांकडे, साखळी धरणाऱ्यांकडे आणि बांधाला बांध लागलेल्यांकडे द्यावे. केंटकीत आलेली कुटुंबे क्वचितच एकटी आली. कम्बरलँड खिंडीतून सासुरवाडीची माणसे, भाऊबंद आणि शेजारी असा गोतावळाच पुढे सरकला, आणि केंटकीतील ओढ्याकाठची पाच-सहा नावे व्हर्जिनियातील ज्या काउंटीत पुन्हा एकत्र दिसतील तीच बहुतेक वेळा आपल्या पूर्वजाची काउंटी असते.

काउंटीच्या बाबतीत मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. शेत जागेवरच राहते आणि काउंटी बदलते. आजच्या पॅट्रिक काउंटीतील एखादे शेत घ्या: १७४६ मध्ये ब्रन्सविकमधून लुनेनबर्ग वेगळी झाली, १७५२ मध्ये तिच्यातून हॅलिफॅक्स, १७६७ मध्ये पिटसिल्व्हेनिया, १७७७ मध्ये हेन्री आणि १७९१ मध्ये पॅट्रिक. (शेवटची दोन नावे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांच्यावरून पडली आहेत.) जागचा न हललेला शेतकरी अशा प्रकारे अर्ध्या शतकात अनेक कचेऱ्यांच्या वह्यांत विखुरतो, आणि नवी काउंटी झाली तरी जुन्या वह्या जुन्या कचेरीतच राहतात. आपल्याकडे गट नंबर ठाऊक असला की सातबारा आणि त्यामागचे फेरफार एकामागून एक काढता येतात. तेथे जमिनीला असा क्रमांक नसल्यामुळे प्रत्येक हस्तांतरण नावांच्या सूचीतून स्वतंत्रपणे शोधावे लागते.

खरेदीखत सापडले नाही म्हणून निराश होऊ नये, कारण ते नसणेही काही सांगते. एखाद्याने जमीन विकल्याचे खत आहे पण विकत घेतल्याचे किंवा सरकारकडून मिळाल्याचे कोठेच नाही, तर ती त्याला वारशाने आली असण्याचा संभव मोठा. व्हर्जिनियात १७८७ च्या आरंभापर्यंत मृत्युपत्र न करता मरणाऱ्याची जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जात असे. त्यानंतर नवा कायदा लागू होऊन ती सर्व मुलामुलींत समान वाटली जाऊ लागली. संशोधकाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे, कारण पुढे जमीन विकताना सर्व वारसांना, जावयांनासुद्धा, खतावर यावे लागले. आमच्या शोधातील कोडे सुटले ते अशाच एका कागदाने. केंटकीतील खतांच्या वहीत, कुटुंब तेथे स्थिरावल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नोंदलेले एक मुखत्यारपत्र होते: व्हर्जिनियातील मृत वडिलांच्या जमिनीतील आपला हिस्सा विकण्याचा अधिकार एका मुलाने तिकडे राहिलेल्या भावाला दिला होता, आणि त्यात वडिलांचे नाव, काउंटी आणि ओढा तिन्ही लिहिलेले होते. आम्ही तोवर व्हर्जिनियाच्याच वह्या चाळत होतो, आणि उत्तर केंटकीत होते. म्हणून आपणही पूर्वजाच्या आणि त्याच्या मुलांच्या नावाचे केंटकीतील प्रत्येक मुखत्यारपत्र आणि हक्कसोडपत्र अवश्य पाहावे.

मृत्यूनंतरच्या कागदांत मृत्युपत्रापेक्षा मालमत्तेची यादी मला अधिक बोलकी वाटते. न्यायालयाने नेमलेले शेजारी पंच घरात फिरून एकेक वस्तू किमतीसह लिहीत: करडी घोडी, गाय-वासरू, मोडका नांगर, पिसांची गादी, सूतकताईचा चरखा, तंबाखूची पिंपे. पुढे लिलाव झाला असेल तर काय कोणी घेतले याची यादीही मिळते, आणि त्यात विधवा स्वतःच्याच घरातील भांडी आणि गादी बोली लावून परत घेताना दिसते. वारसांत वाद झाला असेल तर संशोधकाचे भाग्यच. रिचमंड येथील लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने जुन्या चान्सरी न्यायालयांतील (वारसा, वाटणी असे वाद चालणाऱ्या न्यायालयांतील) दाव्यांची सूची ऑनलाइन ठेवली असून अनेक काउंट्यांच्या दाव्यांचे मूळ कागदही तेथे पाहता येतात. अशा दाव्यात कित्येकदा तीन पिढ्या नावानिशी मिळतात.

मालमत्तेच्या या याद्यांविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तंबाखू पिकवणाऱ्या भागातील बेताच्या शेतकऱ्याच्या यादीतही गुरांच्या जोडीने गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची नावे आणि किमती आढळतात. त्या माणसांच्या वंशजांना १८७० पूर्वीच्या जनगणनेत आपले पूर्वज सहसा नावाने भेटत नाहीत, आणि अशी एखादी यादी हाच त्यांचा एकमेव दुवा असू शकतो. तशी नावे आपल्याला आढळली तर ती गाळू नयेत. वहीच्या आणि पानाच्या संदर्भासह आपल्या वंशवृक्षात नोंदवून इतरांना दिसतील अशी ठेवावीत.

पूर्वज अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढण्याच्या वयाचा असेल, म्हणजे साधारण १७६५ पूर्वी जन्मलेला, तर पेन्शनचे अर्ज जरूर पाहावेत. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत आधीचे अर्ज जळाले, पण १८१८ आणि विशेषतः १८३२ च्या कायद्यांखालील अर्ज टिकले आहेत. १८३२ च्या अर्जात म्हाताऱ्या सैनिकाला न्यायालयासमोर ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत: जन्म कोठे आणि कधी झाला, वयाची काही नोंद आहे काय, सैन्यात गेला तेव्हा कोठे राहत होता, युद्धानंतर कोठे कोठे राहिला. व्हर्जिनिया ते केंटकी हा सारा प्रवास यात त्याच्या स्वतःच्या तोंडून येतो. १८२० च्या कायद्याने गरिबी सिद्ध करण्यासाठी मालमत्तेची यादीही जोडावी लागे. विधवांच्या अर्जांना तर विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधील फाडून काढलेली पाने जोडलेली आढळतात. तो लढला नसेल, तरी सैन्यासाठी त्याच्याकडून मका, वैरण किंवा गोमांस घेतले गेले असेल. त्याबद्दलचे दावे लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाकडे आहेत.

काही काउंट्यांच्या वह्या मात्र जळाल्या आहेत. सुरक्षिततेसाठी रिचमंडला आणून ठेवलेली अनेक काउंट्यांची दप्तरे एप्रिल १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस, दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडताना लागलेल्या आगीत गेली, आणि बकिंगहॅमचे न्यायालय १८६९ मध्ये जळाले. तेथेही कर-याद्या बहुतांशी शाबूत आहेत, कारण त्यांची प्रत राज्याच्या लेखापालाकडे जात असे. जमिनीच्या मूळ सनदाही राज्याच्या कचेरीत असल्याने वाचल्या.

हे सर्व भारतात बसून करता येते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खाते उघडता येते. तेथे खतांच्या आणि मृत्युपत्रांच्या वह्यांची छायाचित्रे आहेत, आणि २०२४ पासून हस्तलिखित मजकुरात थेट शब्द शोधण्याची सोयही झाली आहे. तिच्यामुळे साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आलेले नाव सापडते, जे जुन्या सूचींत कधीच सापडले नसते. त्याच ठिकाणी लोकांनी तयार केलेले वंशवृक्षही दिसतील. त्यांतील ज्या जोडणीखाली मूळ कागद दिलेला नाही ती केवळ एक शक्यता म्हणून घ्यावी. अशा वृक्षांत एकाच नावाची दोन माणसे एक करून टाकलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत.

आपण सुरुवात केंटकीतून करावी. मुलाची १८५० ची काउंटी धरून तेथील कर-याद्या १७९२ कडे मागे मागे वाचत जाव्यात, आडनाव प्रथम कोणत्या वर्षी आणि कोणत्या ओढ्यावर येते ते टिपावे, त्या वर्षी त्या ओढ्यावरील सर्व नावे उतरवून घ्यावीत, आणि मगच ती नावे घेऊन व्हर्जिनियाकडे वळावे. काउंटीचे नाव प्रश्नात दिलेले दिसत नाही; ते कळवल्यास ती कोणत्या काउंट्यांतून फुटून निघाली आणि कोणाच्या वह्या आधी पाहाव्यात, हे मी येथेच लिहीन.