स्पॅनिशमध्ये एकोणचाळीस कसे म्हणावे?

प्रश्न : मी दोन महिन्यांपासून स्पॅनिश शिकत आहे. वीसपर्यंतचे आकडे तोंडपाठ आहेत. मात्र पुढे 39 च्या जागी 49 आणि 67 च्या जागी 76 तोंडातून निघून जातात. शिवाय 'किती' विचारताना कधी 'क्वांतोस' तर कधी 'क्वांतास' का म्हणतात, हेही उमगत नाही. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले पाठांतर कच्चे नाही, आपण आकडा आधी मराठीत म्हणता आणि मग त्याचे स्पॅनिश करता, तिथे घोळ होतो. 'सदुसष्ट' म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि साठ मागून येतात, तर स्पॅनिशमध्ये 'सेसेंता इ सिएते', म्हणजे साठ आणि सात. मनात 'सदुसष्ट' असले की जिभेवर सातच आधी येतो आणि 'सेतेंता', म्हणजे सत्तर, निघून जाते. त्यातून या दोन शब्दांत फरक एकाच व्यंजनाचा. 39 ची अडचण वेगळी आहे. 'एकोणचाळीस' या शब्दातच चाळीस दडलेले आहेत, म्हणून आपण 'क्वारेंता'कडे वळता. स्पॅनिश मात्र अशी वजाबाकी करत नाही. ती सरळ 'त्रेइंता इ नुएवे', तीस आणि नऊ, म्हणते.

यावर माझा आग्रह एकाच सवयीचा आहे. वहीत 39 लिहा, डावीकडच्या तिनावर बोट ठेवून 'त्रेइंता' म्हणा, मग बोट नवावर सरकवून 'इ नुएवे' म्हणा, आणि तेवढा वेळ मराठी शब्द मनात येऊ देऊ नका. 16 ते 29 हे आकडे मात्र एकाच जोडशब्दात लिहितात, जसे 21 म्हणजे 'वेइंतिउनो'.

'किती'चे रूप पुढच्या नामाच्या लिंगावर ठरते: स्पॅनिशमध्ये पुस्तक पुल्लिंगी, म्हणून 'क्वांतोस लिब्रोस', घर स्त्रीलिंगी, म्हणून 'क्वांतास कासास'. आपले 'किती' बदलत नसले तरी 'केवढा' आणि 'केवढी' बदलतातच. 200 ते 900 या शेकड्यांनाही हाच नियम लागू होतो: 'दोसिएंतोस लिब्रोस', पण 'दोसिएंतास कासास'. वय विचारतानाही 'क्वांतोस आन्योस तिएने?', म्हणजे शब्दशः 'आपल्याकडे किती वर्षे आहेत?', असेच विचारतात. मित्राला किंवा लहान मुलाला मात्र 'तिएनेस' म्हणावे.