व्हरमाँटमध्ये वेक बोट कुठल्याही तलावावर चालवता येते का?

नाही. वेक बोट म्हणजे मागे मुद्दाम मोठी लाट उठवणारी मोटरबोट. अमेरिकेत याला देशभर एकच नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. व्हरमाँटचा नियम 2024 पासून लागू आहे आणि बराच कडक आहे. वेकसर्फिंग (बोटीमागच्या लाटेवर फळीवर उभं राहून घसरणं) करायचं तर काठापासून किमान 500 फूट लांब, पाणी किमान 20 फूट खोल आणि अशी सलग जागा निदान 50 एकर हवी. लहान तलाव यातच बाद होतात. जवळच्याच मेन राज्यात 300 फूट आणि 15 फूट पुरतात.

खोलीची अट कशाला, असं वाटेल. मोठी लाट उठावी म्हणून या बोटीच्या टाक्यांत पाणी भरून मागची बाजू मुद्दाम दाबतात. मग पंख्याचा झोत तिरका खाली जातो, तळाचा गाळ ढवळला जातो, त्यातलं फॉस्फरस वर येतं आणि शेवाळ माजतं.

टाक्या पूर्ण रिकाम्या होतच नाहीत. उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची (झपाट्याने पसरणारे, बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले) पिल्लं दुसऱ्या तलावात पोचतात. म्हणून व्हरमाँटमध्ये बोटीला एक ‘घरचा तलाव’ ठरवावा लागतो. दुसरीकडे न्यायची तर आधी मान्यताप्राप्त ठिकाणी निर्जंतुक करून घ्यावी लागते. मला ही अट सगळ्यांत मोलाची वाटते, कारण शिंपले एकदा शिरले की तलावातून काढणं जवळजवळ अशक्य.