केबलने जोडलेल्या घरच्या संगणकाचे नेटवर्क मध्येच का तुटते?

विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नका. आपण लिहिले आहे की केबलने जोडलेला डेस्कटॉप दिवसातून पाच-सहा वेळा, ठरावीक वेळ नसताना, काही सेकंदांपुरता नेटवर्कवरून सुटतो, त्याच वेळी वायफायवरचा मोबाइल व्यवस्थित चालतो, आणि ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम) दोनदा बदलूनही फरक पडलेला नाही. यातला मोबाइलचा तपशील सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यामुळे बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन संशयातून जवळजवळ सुटते. उरतो तो राउटरच्या पोर्टपासून संगणकापर्यंतचा टप्पा.

या टप्प्यात दोन वेगळ्या जातींचे बिघाड वरून सारखेच दिसतात. एकात केबलवरची जोडणीच तुटते, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने केबल उपसून काढल्यासारखे होते. दुसऱ्यात जोडणी शाबूत राहते, पण आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक) हरवतो किंवा एखादा प्रोग्राम वाट अडवतो. कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी आपला बिघाड यांपैकी कोणता, हे ठरवावे. त्यासाठी नेटवर्क तुटल्याची वेळ मिनिटासह लिहून ठेवा आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजमधल्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टिम’ या नोंदवहीत तीच वेळ शोधा. तेथे नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने जोडणी तुटल्याचा इशारा नोंदवला असेल, किंवा त्या क्षणी पोर्टवरचा दिवा विझत असेल, तर बिघाड केबल, पोर्ट किंवा कार्ड यांतच आहे.

माझ्याकडे हाच प्रकार काही आठवडे चालला होता आणि मीही आधी ड्रायव्हरच्याच मागे लागलो होतो. सुगावा लागला तो वेगाच्या आकड्यावरून. एरवी 1000 एमबीपीएस दाखवणारी जोडणी तुटून परत आली की कधी कधी 100 वर स्थिरावलेली असे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसला त्यांतल्या दोन पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, मात्र चारही लागतात. त्यामुळे वेग असा घसरला की एखादी तार अधूनमधून सुटते आहे, असा संशय आधी घ्यावा. मी कनेक्टरजवळ केबल धरून हळूच डावी-उजवीकडे वाकवली, तर एका विशिष्ट कोनात पोर्टचा दिवा विझला. कनेक्टर उजेडात धरून पाहिला तेव्हा सात तारा टोकापर्यंत पोहोचलेल्या दिसल्या आणि तपकिरी तार मिलिमीटरभर मागेच राहिली होती. पितळी पात्याला ती जेमतेम टेकत होती, म्हणून टेबलाला धक्का लागला की संपर्क जाई. नवा कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, आणि त्रास संपला.

म्हणून आधी सरळ दुसरी, तयार मिळणारी केबल जोडून एक दिवस पाहा. कनेक्टरची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली असेल तर तीही पुरेसे कारण ठरते, कारण मग कनेक्टर पोर्टमध्ये नुसता टेकून राहतो. केबल भिंतीतून गेलेली असेल तर संगणक तात्पुरता राउटरजवळ नेऊन छोट्या केबलने जोडा. किचकट वाटेल, पण तासभराची अटकळबाजी वाचते. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही असते आणि ते वाकवल्याने लवकर मोडते. तारेचे टोक ब्लेडने खरवडल्यावर आतून चांदीसारखा रंग दिसला तर ती केबल बदललेलीच बरी.

केबल बदलूनही दिवा विझत असेल तर राउटरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या आणि ‘ॲडव्हान्स्ड’मधले ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद करा. वाहतूक नसताना कार्डाला डुलकी घेऊ देणारी ही सोय काही कार्डे आणि राउटर यांच्या जोडीत नीट जमत नाही. त्याच यादीत वेग 100 एमबीपीएसवर बांधण्याची सोय असते. तिने तुटणे थांबले तर केबलवरचा संशय बळावतो, पण ती चाचणीपुरतीच वापरावी: एका टोकाला वेग बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला ‘ऑटो’ असला की राउटर हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) धरून बसतो आणि सगळे काम रखडते.

दिवा कधीच विझत नसेल तर मात्र वाट वेगळी आहे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ 8.8.8.8 ला, सतत पिंग (उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा) चालू ठेवा. राउटर उत्तर देत राहिला आणि फक्त बाहेरचे थांबले तर व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस काही काळ बंद करून पाहा. दोन्ही थांबले आणि संगणकाचा पत्ता 169.254 ने सुरू होताना दिसला, तर त्याला राउटरकडून आयपी पत्ता मिळत नाही, असे समजावे. अशा वेळी राउटर पुन्हा सुरू करा, आणि संगणकात पूर्वी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल तर तो काढून टाका. तोच पत्ता राउटरने दुसऱ्या उपकरणाला दिला की दोघांची टक्कर होते.

केबल, पोर्ट आणि वीजबचत हे सर्व पाहूनही दिवा विझतच राहिला, तर यूएसबीला लागणारा इथरनेट ॲडॅप्टर कोणाकडून दोन दिवस मागून आणा. त्यावर जोडणी टिकली तर दोष मदरबोर्डवरच्या पोर्टचा किंवा त्याच्या चिपचा आहे, आणि तो ॲडॅप्टर किंवा वेगळे नेटवर्क कार्ड कायमचे लावणे मदरबोर्ड बदलण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.