सांख्यिकी सोडू नकोस

प्रिय ऋतुजा,

तू बी.एस्सी. सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. मावसभावाला ब्रिटनचा व्हिसा नाकारला, तेव्हापासून स्थलांतर धोरणांतल्या वर्णभेदावर मिळेल ते वाचतेस आणि आता पदवी अर्धवट सोडून कायद्याकडे वळायचं म्हणतेस. पैशांच्या काळजीने बाबांचा विरोध आहे. तुझा संताप रास्त आहे, पण पदवी सोडू नकोस.

का ते सांगते. वर्णावरून माणसं अडवणारे कायदे पुष्कळदा वर्णाचं नावही घेत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये देशात येऊ पाहणाऱ्यांसाठी परीक्षा ठेवली ती श्रुतलेखनाची: युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. नकोसा माणूस उत्तम इंग्रजी लिहिणारा निघाला, तर त्याला दुसऱ्याच भाषेतला उतारा! १९०९ नंतर त्यात एकही जण पास झाला नाही, तरी ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

पुढे हेच काम संगणकाकडे आलं. ब्रिटनचं गृहखातं २०१५ पासून व्हिसा-अर्जांना हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देणारी प्रणाली वापरत होतं. त्यात राष्ट्रीयत्व हा एक निकष होता आणि संशयित देशांची यादी गुप्त होती. लाल अर्जाची कसून तपासणी व्हायची, म्हणून नकारही जास्त. तेच नकार पुन्हा आकडेवारीत जायचे आणि त्या देशाचे पुढचे अर्जही लाल ठरायचे. दोन संस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये खात्याने ही प्रणाली थांबवली. तुझ्या भावाला नकार कशामुळे मिळाला, हे तुझ्या पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण असं चक्र उघडं पाडायला वकिलाच्या शेजारी आकडे वाचणारं माणूस बसावंच लागतं, आणि तशी माणसं फार कमी आहेत.

म्हणून सॅम्पलिंग (नमुना निवडणं) आणि रिग्रेशन (घटकांमधला संबंध मोजणं) पक्कं कर. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. ब्रिटनमध्ये तर स्थलांतरितांना सल्ला द्यायला वकील असण्याची सक्ती नाही; सरकारी नियामकाकडे पात्रता सिद्ध करून नोंदणी करावी लागते.

पैशांबद्दल बाबा म्हणतात ते मला पटतं. स्थलांतरितांसाठी लढणाऱ्या संस्थांतले पगार बहुधा बेताचे असतात. त्यांना सांग, आधी डेटा ॲनालिस्टची नोकरी धरेन, हाताशी थोडी पुंजी जमवेन आणि मगच कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसेन.