नऊ एकांचा वर्ग आणि दहाव्याची गडबड

प्रश्न : माझ्या मुलीने ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ असं करत करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग वहीत लिहिला : १२३४५६७८९८७६५४३२१. स्प्रेडशीटमध्ये मात्र शेवटी ३०० येतात. खरं काय? आणि दहा एक घेतले तर मधे १० कसा लिहायचा?
– एक वाचक, कराड

उत्तर : वही बरोबर आहे, मुलीला शाबासकी द्या. ज्या संख्येच्या एककस्थानी १ आहे, तिच्या वर्गाच्या शेवटी शून्य येईलच कसं? स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंतच हिशेब धरतं आणि पुढे शून्यं भरून मोकळं होतं. ही संख्या १७ अंकी. जुन्या पद्धतीने एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर डावीकडचा १ थेट ‘मध्य’ स्थानी बसतो. परार्ध, म्हणजे या मोजणीतलं शेवटचं स्थान, फक्त एक घर पुढे.

आता हे अंक असे का चढून उतरतात, ते बघायला चौकटीची वही घ्या. ११११ ला ११११ ने गुणा. चारही ओळींत तेच ११११, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करा : कडेच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन, मधे चार, आणि पुन्हा उतरण. १२३४३२१. नऊ एकांपर्यंत कुठल्याच रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणजे हातचा नाही, म्हणून आकृती शाबूत. सगळी करामत एवढीच. मला स्वतःला ती उत्तरापेक्षा जास्त आवडते.

अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. कल्पना सुचली ती तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेम्लो (आजच्या डोंबिवली) स्टेशनात, म्हणून हे नाव. (६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले कापरेकर ते हेच.) त्यांची नजर कशी चालायची ते बघा : मधला ९ बाजूला ठेवा, डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. ९९९९९९९९! मधल्या अंकाचीच रांग.

नऊ एकांच्या या वर्गाचे अवयव पाडले तर ८१ गुणिले (१२३४५६७९ चा वर्ग). त्या १२३४५६७९ मध्ये ८ गायब आहे, ही छपाईची चूक नव्हे. मूळ १७ अंकी वर्गाच्या अंकांची बेरीजही ८१.

दहा एकांच्या वेळी मधल्या रकान्यात १० होतात. शून्य लिहायचं, हातचा १. शेजारी ९ होते, त्यांचे १० झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या ८ चे ९ होतात आणि गाडी थांबते : १२३४५६७९००९८७६५४३२१. रकान्यांतले एक मोजले तर १००, पण उत्तराच्या अंकांची बेरीज ८२. प्रत्येक हातच्यामागे दहा जाऊन एक येतो, ९ कमी होतात. हातचे दोन, म्हणून १८ कमी. अकरा एकांचा वर्ग मुलीला हातानेच करू द्या. बेरीज १२१ ऐवजी ८५ आली, तर हातचे चार आले आणि उत्तर बहुधा बरोबर आहे.