बाळ श्वास घेतंय तेव्हाच बघ

अगं, थिसिसचा विषय बदलू का म्हणून विचारतेस? कुणीतरी म्हणालं की नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा एमआरआय वगैरे सोलापुरात नाही जमायचं, स्कोप करा, म्हणजे नळीत दुर्बीण घालून बघा, नाहीतर सीटी करा, आणि तू लगेच डगमगलीस!

स्कोप लागतोच, लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राचा मऊपणा, स्कोपनेच नीट कळतो. पण बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, त्यात स्कोप गेला की जागा उरते किती, वर भूल दिली की स्नायूंचा ताणही बदलतो, मग तू बघतेस तो त्याचा रोजचा श्वास राहतो का? सीटीत रेडिएशन. आणि ट्रॅकिओमलेशियात, म्हणजे श्वासनलिकेची भिंत मऊ असते तेव्हा, छातीतली नळी मिटते ती श्वास सोडताना, घेताना उघडते, एकाच क्षणाचा फोटो बघून नॉर्मल कसं लिहिता गं तुम्ही? बाळ स्वतः श्वास घेतंय तेव्हाच बघ.

एमआरआयमध्ये हवा काळी दिसते म्हणतेस, दिसू दे की. त्या काळ्या नळीची कडा आणि रुंदी हेच तर मोजायचंय. फुफ्फुसाचा सिग्नल क्षणात विरतो म्हणून अल्ट्राशॉर्ट एको टाइम, म्हणजे सिग्नल विरायच्या आत टिपणारी पद्धत, वापरतात, आणि श्वास घेतानाचा डेटा वेगळा, सोडतानाचा वेगळा लावतात. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या आयसीयूमध्येच छोटं १.५ टेस्लाचं मशीन ठेवून हे काम झालंय, गुंगीचं औषध न देता. बाळाला पाजायचं, गुंडाळायचं, झोपू द्यायचं. बाळंत्यात घट्ट गुंडाळायला आपल्या आज्यांना कुणी शिकवायला नको. आपल्या मशीनवर तो सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनची ती पद्धत, नसेल तर आधी व्हॅस्क्युलर रिंगच्या, म्हणजे नळीभोवती रक्तवाहिन्यांचं कडं असलेल्या, केसेस घे, नळीला बाहेरून दाबणारी रक्तवाहिनी साध्या सिक्वेन्सवरही छान दिसते.

फेलोशिपला बाहेर जायचं राहिलं याची खंत मला आहे, नाही कशाला म्हणू. पण अक्कलकोट, मंगळवेढा, पार विजापूरकडून घरघरणारी बाळं यायची, त्यांना सोडून कुठे जाणार होतो? एका ठिकाणी तर तोंडावर म्हणाले, डॉक्टर, बाळ झोपायची वाट बघत तुम्ही मशीनचा टाइम खाता. खायचो, आजही खाईन. श्वास चालू असतानाच बघायचं तर वाट बघावीच लागते, माझं काही चुकलं नाही त्यात.

तेव्हा विषय बदलू नकोस. जेवतेस ना वेळेवर? गाईडशी मी बोलतो, पण प्रोटोकॉल तू लिही, या आठवड्यात. कानाला संरक्षण, एमआरआयला चालणारं पल्स ऑक्सिमीटर, लोखंडी सिलेंडर दाराबाहेर. बाहेर ४२ डिग्री असलं तरी आत एसीत बाळ गार पडतं, तापमान आधी आणि नंतर लिहायचं. आणि श्वासनलिका सांभाळू शकणारा बालरोगवाला आत उभा नसेल तर स्कॅन सुरूच करायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.