नर सशाला सोबत म्हणून मादी आणली, पण तो तिला मारतो. दोघांना एकत्र कसं ठेवायचं?

आधी दोघांना वेगळं करा. आजच. "राहतील एकत्र, होईल सवय" असं घरात कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

तुम्ही लिहिलंय की नर दीड वर्षाचा आहे, मादी तीनेक महिन्यांची, आणि दुकानातून आणली त्याच संध्याकाळी तिला हॉलमध्ये सोडल्यावर त्याने पळवून पळवून तिच्या पाठीचे केस उपटले. नसबंदीचा उल्लेख नाही, म्हणजे झालेली नाही असं धरून चालते. मग भांडणाआधी पिल्लांची काळजी करा. मादी चार महिन्यांच्या आसपास वयात येते, छोट्या जातीची त्याच्याही आधी. सशांमध्ये ठरावीक दिवसांचा माज नसतो, मीलनानंतरच बीज सुटतं, त्यामुळे काही सेकंदांचा संबंध पुरतो. साधारण ३१ दिवसांत पिल्लं होतात, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. बाकीचं गणित तुम्हीच करा.

आणि ती मादीच आहे ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. लहान पिल्लाचं लिंग ओळखणं अवघड असतं आणि दुकानदार छातीठोकपणे काहीही सांगतात. "नर-मादीची जोडी" म्हणून घेतलेले दोन्ही नर निघाले, असं आमच्या ओळखीत एकापेक्षा जास्त घरी झालंय.

आता तो असा का वागला? तुमच्या हॉलमधला सोफ्याचा पाय, दाराची कड, तुमच्या चपला, सगळ्यांवर त्याने हनुवटी घासून ठेवलेली आहे. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी त्याने ती धरलेली आहे, आणि त्या जागेत तुम्ही अचानक दुसरा ससा आणून ठेवलात. त्याच्या लेखी ती घुसखोर. येत्या काही दिवसांत तो ट्रे सोडून घरभर लेंड्या टाकायला लागला, उभ्याउभ्या मुताच्या पिचकाऱ्या मारायला लागला, तर रागावू नका. शिकवलेलं विसरलेला नसतो, हद्द आखत असतो.

"जंगलात ससा एकटाच तर राहतो, मग जोडी हवी कशाला?" असं शेजारीपाजारी हमखास विचारतात. आपल्या माळरानावर दिसणारा ससा एकटा राहतो हे खरं, तो बीळसुद्धा खणत नाही. पण तो वेगळा प्राणी. घरात पाळले जातात ते युरोपातल्या बिळं खणून टोळीने राहणाऱ्या सशांचे वंशज. त्यांना सोबत लागते. फक्त त्या टोळीत कोण वरचा आणि कोण खालचा हे आधी ठरावं लागतं, आणि ते ठरवताना दात वापरले जातात. म्हणून सोबत आणायचा तुमचा विचार बरोबरच आहे, घाई तेवढी नको.

पहिले दोन आठवडे नवीला दुसऱ्या खोलीत ठेवा. हे भांडणासाठी नाही, आजारासाठी. दुकानातून आलेल्या सशांना खरूज फार असते. नाकावर, कानाच्या कडेला, पंजांवर पांढरट खपल्या दिसतात का बघा. ती माणसालाही खाज आणते. शिंका, ओलं नाक, चिकट पुढचे पंजे (नाक पंजाने पुसतात म्हणून), पातळ शी, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. जुन्याला आधी चारा-पाणी द्या, नवीला नंतर, आणि मध्ये हात धुवा. एक गोष्ट लक्षात ठेवाच: कुत्र्यामांजरांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला चालत नाही, त्याने ससे दगावतात. घरात कुत्र्याचं उरलंय म्हणून लावू नका.

मग नसबंदी. दोघांचीही. हे वाचून बरेच जण नाराज होतात, पण याला पर्याय मला तरी माहीत नाही. नराची चार महिन्यांनंतर कधीही करता येते, म्हणजे तुमच्याची लगेच होईल. मादीची साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर. ऑपरेशननंतरही नरात चार ते सहा आठवडे बीज शिल्लक राहू शकतं, तेवढे दिवस त्याला मादीजवळ सोडायचं नाही. अंगातला जोर ओसरायलाही तेवढाच वेळ लागतो. मादीचं ऑपरेशन मोठं असतं, पण टाळू नका. वय वाढेल तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, शिवाय खोटी गर्भधारणा होऊन ती छातीचे केस उपटून घरटं करत बसते आणि त्या दिवसांत जवळ येईल त्याला चावते. अशा मादीशी जमवून घ्यायला नराने तरी काय करावं?

डॉक्टर निवडताना मी दोन प्रश्न विचारते. पहिला: तुम्ही सशांच्या नसबंद्या नेहमी करता का? कुत्र्यामांजरांचा हातखंडा असलेल्या डॉक्टरला ससा जमेलच असं नाही, भूल देण्याची तऱ्हा वेगळी आहे. दुसरा: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? "हो, काही देऊ नका" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात.

थोडक्यात, तुमच्या हातात तीन-चार महिने आहेत. हा वेळ वाया जात नाही, खरं काम याच काळात होतं.

दोघांचे पिंजरे एका खोलीत शेजारी-शेजारी आणा, पण जाळीला जाळी लावू नका. मध्ये वीतभर अंतर असू द्या, नाहीतर जाळीतून नाक किंवा ओठ चावला जातो आणि ती जखम वाईट असते. दर एक-दोन दिवसांनी त्याची चादर तिच्याकडे, तिची त्याच्याकडे. लेंड्यांचे ट्रे बदला. काही दिवसांनी पिंजरेच बदला. जेवणाची ताटली जाळीच्या त्याच बाजूला ठेवा जिकडून दुसरा दिसतो. आमच्याकडे या कामाला दूर्वा फार उपयोगी पडल्या. फूलवाल्याकडची नव्हे, सोसायटीच्या बागेतली न फवारलेली हरळी, स्वच्छ धुतलेली. दोन जाळ्यांच्या मधोमध जुडी आडवी ठेवली की दोन्हीकडून ओढाओढ सुरू होते आणि खाता खाता तोंडं जवळ येतात. आधी आमचा नर बंड्या एक काडी ओढून मागच्या कोपऱ्यात पळायचा. नंतर तिथेच बसून खायला लागला, आणि मग एक दिवस आमच्या मादीकडे, चिंगीकडे, चक्क पाठ करून. पाठ करणं ही मोठी गोष्ट आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे ससा पाठ करून बसत नाही.

जाळीपाशी दोघं निवांत पसरून बसायला लागले, जाळी कुरतडणं आणि गुरगुरणं थांबलं, की मग प्रत्यक्ष भेट. जागा अशी हवी जिथे दोघांपैकी कुणीही कधी गेलेला नाही. हॉल नाही, त्याची बाल्कनी तर नाहीच. पाहुण्यांची खोली, बंद पॅसेज, शेजाऱ्यांचा रिकामा फ्लॅट, काहीच नसेल तर मोठी बाथरूम. फरशीवर चटई किंवा जुनी गोधडी घाला, कारण टाइल्सवर पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरलेला ससा आधी चावतो. चाऱ्याचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी, दोन ट्रे. लपायला खोका ठेवलात तर त्याला दोन्हीकडून दारं कापा, एकच दार असेल तर आतला कोंडीत सापडतो. दोघांची नखं आदल्या दिवशी कापून घ्या. गच्ची सुचली असेल तर थंडीत ठीक, तीही चारी बाजूंनी बंद असेल तरच. एप्रिल-मे महिन्यात अजिबात नको. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वरच्या तापमानात पळापळ झाली तर उष्माघात होतो.

तुम्ही स्वतः खाली बसा, हातात जाड हातमोजे, शेजारी एक सुपली. उघडा हात मध्ये घालायचा नाही. ससा तुमचा कितीही लाडका असला तरी त्या क्षणी तो हात कुणाचा आहे हे बघत नाही.

काय चालेल आणि काय नाही, इथेच नवीन माणसं गोंधळतात. थोडा पाठलाग चालतो. एकाने दुसऱ्यावर चढणं चालतं, मादी नरावर चढली तरी चालतं, तो वरचा कोण, खालचा कोण हे ठरवण्याचा प्रकार आहे. केसांचा एखादा पुंजका उडाला तरी घाबरू नका. पण उलट्या बाजूने, तोंडाकडून चढला तर लगेच बाजूला करा, कारण खालच्याच्या दातांसमोर नेमका नाजूक भाग येतो. शेपटी ताठ, कान मागे चिकटलेले, अंग पुढे ताणलेलं आणि गुरगुर, असं दिसलं की सुपली मध्ये घाला, नुसती नजर तुटली तरी बऱ्याचदा भागतं. आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरायला लागले तर पुढच्या क्षणी ते एकमेकांना चिकटून गरगरणार आणि पोटाला जखमा करणार. ते होऊ द्यायचं नाही. टॉवेल टाका, वेगळं करा, त्या दिवशी पुन्हा नाही.

असं भांडण झालंच तर केसांखाली बोटं फिरवून सगळं अंग तपासा. सशाची कातडी पातळ आणि केस दाट, जखम वरून दिसत नाही. दोन आठवड्यांनी तिथे गाठ येते, आतला पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, आणि मग पुन्हा ऑपरेशन.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे, रोज, आणि सगळं शांत असतानाच उचला. चांगली खूण म्हणजे प्रेम नव्हे, दुर्लक्ष. एक जण चारा खातोय, दुसरा स्वतःचं तोंड धुतोय, याहून चांगली पहिली भेट नसते. पुढे एक मजेशीर टप्पा येतो. एक जण दुसऱ्यासमोर जाऊन डोकं जमिनीला टेकवतो. आपल्याला वाटतं शरण आला. तसं नसतं, तो "माझं डोकं चाट" असं सांगत असतो. आमची दोघं नाकाला नाक लावून डोकी खाली घालून बसायची, कुणीच चाटायला तयार नाही. चिंगी तर मध्येच बंड्याच्या कपाळाला नाकाने ढोसायची आणि पुन्हा डोकं खाली. शेवटी नमला बंड्याच, त्याने तिच्या डोळ्याची कड चाटली, आणि त्या दिवसापासून घर तिचं आहे.

भेटी तासा-दोन तासांच्या झाल्या, काही बिनसलं नाही, की सुट्टीच्या दिवशी सलग एकत्र ठेवा, रात्री तुम्ही त्याच खोलीत झोपा. एक-दोन दिवस नीट गेले की मगच हॉल. त्याआधी हॉल पुसून काढा, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने, म्हणजे जुने वास कमी होतात. पिंजरा, ट्रे, खोका, सगळ्याच्या जागा बदला. जागा एकदम सगळी मोकळी करू नका, जाळीने अर्धी अडवा आणि हळूहळू वाढवा. नव्या कोपऱ्यावरून जुनं भांडण उकरून निघू शकतं.

तुम्हाला कुणीतरी "दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवून आणा, घाबरून एकमेकांना बिलगतात" असंही सांगेल. बिलगतात हे खरं, पण भीतीने. मला ते पटत नाही. भीतीनेच सशाची आतडी बंद पडतात. तसंही या सगळ्या काळात दोघांच्या लेंड्यांवर नजर ठेवा. कुणी खाणं सोडलं, दहा-बारा तास लेंडी नाही, तर ती रात्र जाऊ देऊ नका, थेट दवाखाना.

एकदा जमलं की वेगळं करायचं नाही. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दोघांना न्या. दवाखान्याचा वास घेऊन एकटा परतलेला ससा दुसऱ्याला अनोळखी वाटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आणि इतकं करूनही नाहीच जमलं तर? काही सशांचं खरंच जमत नाही. तेव्हा मादी दुकानात परत देऊ नका. दोन जाळ्या शेजारी-शेजारी, मध्ये तेच वीतभर अंतर, बागडायच्या वेळा वेगळ्या. एकमेकांचा वास आणि चाहूल एवढ्यावरही त्यांचं बरं चालतं. फक्त तिसरा आणून बघू असं म्हणू नका.